हायपरटोनिया म्हणजे बीपी नव्हे

एका म्हाताऱ्या बाबांचं जेवण तीन आठवडे पूर्ण अळणी चाललं होतं. वरणात मीठ नाही, भाजीत नाही, लोणच्याची बरणी तर थेट वरच्या फळीवर. लकवा झाल्यावर त्यांना मोठ्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा कागदावर डॉक्टरांनी एक लांबलचक शब्द लिहिला होता. घरातल्या बारावी झालेल्या नातवाने तो वाचला. 'हायपर' एवढं लागलं, पुढचं लागलं नाही. हायपर म्हणजे हायपरटेन्शन, म्हणजे बीपी वाढला, म्हणजे मीठ बंद. सून मला म्हणाली, "एवढं पथ्य पाळून राह्यलो जी आम्ही, तरी हात काहून अकडून राह्यला?"

कागदावर हायपरटोनिया लिहिलेलं होतं. त्याचा रक्तदाबाशी संबंध नाही. (लकवा झालेल्याने मीठ बेतानेच खावं हे खरं, कारण बऱ्याच लकव्यांच्या मागे बीपी असतोच. पण म्हाताऱ्या माणसाला तीन आठवडे बिनमिठाचं वरण घालणं हा जाचच.) हायपरटोनिया म्हणजे स्नायूंमध्ये असायला हवा त्यापेक्षा जास्त ताण. आखडणं, ताठरणं, अकडणं हे आपले रोजचे शब्द त्याला पुरेसे आहेत. मी फिजिओथेरपीचं काम करते, भंडाऱ्याकडच्या धानाच्या पट्ट्यात. हा शब्द माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कागदांवर असतो आणि तो कुणी समजावून सांगितलेला नसतो. म्हणून हा लेख.

आधी स्नायूचा ताण म्हणजे काय ते बघू. आपण निवांत बसलो तरी स्नायू अगदी सैल पडत नाहीत. सुंभाने विणलेली बाज आठवा. सुंभ सैल झाला की माणूस झोळीत पडल्यासारखा खाली जातो, फार आवळला की बाज पाटासारखी कडक होते. नीट विणलेली बाज वजन घेते आणि थोडी दबतेही. शरीरातल्या स्नायूंना असाच बेताचा ताण लागतो. त्याच्या जोरावर आपण मान सरळ ठेवतो, न पडता बसतो, हातातला गडवा सांडत नाही. या ताणाला डॉक्टर 'टोन' म्हणतात. तो वाढला की हायपरटोनिया, फार कमी झाला की हायपोटोनिया.

हा ताण ठरवतो कोण? इथे लोकांना आश्चर्य वाटतं, कारण उत्तर बरंचसं पाठीच्या कण्यात आहे. प्रत्येक स्नायूच्या आत चातीच्या आकाराचे बारीक संवेदक असतात. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते. इंग्रजीत त्यांना स्पिंडल म्हणतात, म्हणजे अक्षरशः चाती. स्नायू ताणला गेला की या चात्या लगेच मज्जारज्जूला निरोप देतात: 'ताणलं.' मज्जारज्जू मेंदूला न विचारता उलट हुकूम सोडतो: 'आवळ.' डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच निरोपामुळे. अंधारात बांधावरून चालताना पाय खड्ड्यात गेला तर विचार करायच्या आत पाय सावरतो, त्यातही याचा वाटा असतो.

पण मज्जारज्जूचा स्वभाव तापट. त्याला मोकळं सोडलं तर तो प्रत्येक ताणाला आवळूनच उत्तर देईल. म्हणून मेंदूकडून त्याच्यावर कायम एक आवर असतो, गाडीवानाच्या हातातल्या कासऱ्यासारखा. गाडीवान बैलांना सारखा मारत नसतो, पण कासरा हातात आहे हे बैलांना ठाऊक असतं. लकव्यात मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते, अपघातात मेंदूला मार बसतो, झाडावरून पडून पाठीचा कणा मोडतो, आणि हा कासरा तुटतो. मग पान हललं तरी बैल उधळतात. बैल धडधाकटच असतात, त्यांना धरणारं कुणी उरलेलं नसतं. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1898 साली मांजरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की मेंदूचा वरचा भाग तोडला की प्राण्याचे पाय खांबासारखे ताठ होतात. मज्जासंस्थेवरच्या कामासाठी त्यांना पुढे 1932 साली नोबेल मिळालं.

लकवा झाल्याझाल्या मात्र हात-पाय बहुधा ताठ नसतात, लुळे असतात. उचलून धरलं आणि सोडलं तर धपकन पडतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, ते घट्ट व्हायला लागतात. घरचे खुश होतात, 'हातात जीव आला' म्हणतात. अगदीच चुकीचं नाही ते, कारण मज्जारज्जू धक्क्यातून जागा झालेला असतो. पण हातात आलेली ताकद ती नव्हे. त्याच बाबांना पाण्याचा गिलास उचलता येत नव्हता, आणि त्यांची मूठ उघडायला मुलगा आणि नातू दोघं लागत होते. एकाच हातात एवढी कमजोरी आणि एवढा आवळ कसा, हा प्रश्न त्यांच्या मुलाने विचारला आणि मला तो फार आवडला. 'उचल' हा हुकूम मेंदूतून निघतो पण वाटेत रस्ता तुटल्यामुळे हाताला पोचतच नाही. 'आवळ' हा हुकूम खालूनच, मज्जारज्जूतून निघतो आणि तो मात्र वेळेवर पोचतो.

या प्रकारच्या आखडण्याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. त्याची एक खूण घरच्या माणसालाही ओळखता येते. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभं राहिलेल्या कुणालाही हे कळेल: चिखलात फसलेला पाय झटक्यात ओढला तर चिखल आणखी घट्ट धरतो, हळूहळू काढला तर निघतो. आखडलेला स्नायू तसाच. मी बाबांचा कोपर हळू, अगदी मनात दहा मोजत सरळ केला, तेव्हा तो जवळजवळ पूर्ण सरळ झाला. मग तोच कोपर जरा वेगाने सरळ करायला गेले तर अर्ध्या वाटेत कुणीतरी आतून धरल्यासारखा अडकला. क्षणभर तसाच धरून ठेवल्यावर एकदम सुटला, घडीचा चाकू उघडताना मध्यापर्यंत अडतो आणि मग खटकन सुटतो तसा. जेम्स लान्स या डॉक्टरांनी 1980 साली स्पॅस्टिसिटीची जी व्याख्या केली, तिचा गाभा हाच आहे: वेग जितका जास्त, विरोध तितका जास्त.

यातून घरातल्या कामाची पहिली गोष्ट निघते आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. घाई आणि जोर या दोन्ही गोष्टी त्या स्नायूला चिथावणी आहेत. मालिशवाला येतो, गरम तेल लावतो आणि 'नस मोकळी करतो' म्हणून हात खसकन ओढतो. त्या क्षणी आतल्या चात्यांना हाच निरोप जातो की ताणलं, जोरात ताणलं. उत्तर येतं, आवळ. तेलाशी माझं भांडण नाही, हळू हाताने लावलं तर कातडीला चांगलंच असतं. खसकन ओढण्याशी आहे. खांदा तर त्यात कायमचा दुखावतो.

आता मूठ. आखडलेली मूठ उघडायला लोक थेट बोटं धरून ओढतात. त्या घरीही तेच चालू होतं, आणि बाबा ओरडायचे म्हणून पाच-सहा दिवसांत एकदाच मूठ उघडली जायची. तळहाताला वास येत होता, नखं आत रुतून लाल वण पडले होते, घडीत कालच्या भाताचं शीत वाळून चिकटलं होतं. मी सुनेला शेजारी बसवलं. आधी बाबांचा हात मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवला, म्हणजे खांद्याला वजन राहिलं नाही. मग मनगट हळूच आतल्या बाजूला, तळहाताकडे वाकवलं. बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात, मनगट वाकलं की त्या सैल पडतात. तेवढ्यावरच मूठ थोडी ढिली झाली. मग अंगठा, पण टोकाला धरून नाही, बुडाशी, तळहाताच्या जाड भागाला धरून बाहेर आणला. अंगठा बाहेर आला की बाकीची बोटं कळी उमलावी तशी सुटायला लागतात. ती सपाट झाल्यावर मनगट परत हळूहळू वर आणलं आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवलं. बाबा ओरडले नाहीत. सून म्हणाली, "अरे बापा, एवढंच होतं?" नखं तिने तिथेच कापली.

कपड्याचंही असंच. बंडी घालताना आखडलेला हात आधी, काढताना तो शेवटी. आणि रबरी चेंडू दाबायला देऊ नका, अशी माझी विनंती. जी मूठ आपोआप मिटते तिला आणखी मिटायचा सराव कशाला? त्या हाताला उघडायचा सराव हवा.

पायाची गोष्ट थोडी वेगळी असते. लकव्यात हात बहुधा वाकून छातीशी येतो, पाय मात्र सरळ ताठ होतो आणि पाऊल खाली-आत वळतं. म्हणून असा माणूस पाय अर्धगोल फिरवत चालतो, विळ्याने गवत कापल्यासारखा. माझ्याकडे कुणी आलं की मी आधी दाराबाहेर काढलेली चप्पल बघते. एका चपलेचा पुढचा बाहेरचा कोपरा घासून पातळ झालेला असला की पाऊल कुठे टेकतं ते माणूस आत यायच्या आधीच कळतं. पाऊल ताणताना पुढच्या पंज्यावर दाबू नये, नाहीतर पाय शिलाई मशीनच्या सुईसारखा थडथड उडायला लागतो. याला क्लोनस म्हणतात. टाच तळहातात धरायची, आपला मनगट ते कोपर हा भाग तळव्याला लावायचा आणि हळू वर न्यायचं.

हे रोज का करायचं? कारण आखडलेला स्नायू महिनोन् महिने आखूडच राहिला तर तो खरंच आखूड होतो. सुरुवातीला दोष फक्त निरोपाचा असतो, हळू हात लावला तर सांधा पूर्ण उघडतो. नंतर स्नायूचा मांसल भाग आणि सांध्याभोवतीचं वेष्टणच लहान होतं आणि मग हळू काय, झोपेतही उघडत नाही. त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात आणि त्याच्यापुढे गोळीचं काही चालत नाही. प्लास्टर किंवा ऑपरेशनचीच वेळ येते.

सगळा ताठरपणा स्पॅस्टिसिटीचा नसतो, हे इथे सांगून टाकते. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, हात हळू हलवा की वेगाने, विरोध सारखाच लागतो, शिशाची नळी वाकवल्यासारखा. कधी दातेरी चाकासारखा टक-टक अडत जातो. धनुर्वातात जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. तिथे जखमेतल्या जंतूंचं विष मज्जारज्जूतला आवरच निकामी करतं, म्हणजे गोष्ट शेवटी कासऱ्याचीच. जखमेनंतर जबडा उघडेनासा झाला तर व्यायाम नाही, मालिश नाही, सरळ 108 ला फोन. लसीमुळे आता तो फार दिसत नाही, आणि बाळंतिणीचा व नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्यावर 2015 मध्ये शिक्कामोर्तबही झालं. तरी शेतातल्या जखमेनंतरचं इंजेक्शन चुकवू नये.

आता आमच्या भागाची एक जुनी गोष्ट, जी या विषयातून वगळली तर ते पाप होईल. लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरचा पूर्वेकडचा भाग, इथे धान कापायच्या आधीच उभ्या धानात ओलीवर लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघालं की लाखोळी आपली आपण उभी राहते. कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वडे, हे सगळं आम्ही खाऊन वाढलो. पण या दाण्यात ओडॅप नावाचं एक द्रव्य असतं. थोडी डाळ अधूनमधून, इतर धान्याबरोबर खाल्ली तर शरीराला त्याचं ओझं होत नाही. पण जेवणाचा मोठा हिस्सा दोन-तीन महिने लाखोळीच असेल तर ते द्रव्य चेतापेशींना सतत चेतवत ठेवतं, इतकं की त्या दमून मरतात. मरतात त्या नेमक्या मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणाऱ्या. म्हणजे परत कासराच तुटतो, यावेळी दोन्ही पायांचा. पोटऱ्या आवळतात, टाचा उचलतात, गुडघे एकमेकांना घासतात, पाय कात्रीसारखे पडतात. स्पर्श कळतो, डोकं शाबूत असतं, हात बहुतेक ठीक असतात. याला लॅथिरिझम म्हणतात. तरणेताठे पुरुष यात जास्त सापडले. वैद्यकात त्याच्या पायऱ्यांची नावंसुद्धा काठीवरून आहेत: बिनकाठीचा, एक काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी सरपटणारा. यापेक्षा साधं आणि यापेक्षा कडू वर्गीकरण मला दुसरं माहीत नाही.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात गव्हाचं पीक बुडून लोकांना लाखोळीवरच जगावं लागलं आणि तरुणांचे पाय गेले, हे विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 साली छापलेल्या पुस्तकात लिहिलं आहे. रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची. इतर पिकं मरतात तिथे लाखोळी जगते, दुष्काळातही आणि साचलेल्या पाण्यातही. म्हणून ती गरिबाच्या ताटात एकटी उरते. माझ्या दृष्टीने खरं विष ते एकटं उरणं आहे. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. वाद मोठा आहे, त्यात मी शिरत नाही. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण काढले आहेत. घरात करायची गोष्ट सोपी आहे: डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं, परत भरपूर पाण्यात शिजवून तेही फेकायचं, आणि आठवडाभर रोज तीच खायची नाही. ओडॅप पाण्यात उतरतं, त्यामुळे त्याचा बराच भाग असा निघून जातो.

आता लहान मुलं. इथे मला जरा रागाने बोलावं लागतं. एक आई सात महिन्यांचं पोरगं घेऊन आली. आजी कौतुकाने सांगत होती, "तिसऱ्या महिन्यातच उभं राहे, इतकं मजबूत हाय." काखेत धरून उभं केलं की पोरगं दोन्ही पाय ताठ करून चवड्यांवर उभं राहत होतं, पाय एकमेकांवर चढलेले. मांडीवर बसवलं तर मात्र पाठ मागे फेकायचं. ती मजबुती नव्हती. जन्मताना बाळ रडलं नव्हतं, सातव्या महिन्यातच झालं होतं, काही दिवस काचेच्या पेटीत होतं. बाळाच्या मेंदूला झालेल्या इजेमुळे असं होतं. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात आणि तिच्यात सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आखडण्याचाच आहे.

नवजात बाळाच्या मुठी मिटलेल्याच असतात, ते ठीक. पण चौथा महिना संपत आला तरी मूठ मिटलेलीच राहिली, अंगठा सतत आतच राहिला, मान सावरत नसेल, लंगोट बदलताना मांड्या उघडायला जोर लागत असेल, किंवा वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरायला लागलं असेल, तर 'मोठं झाल्यावर होईल ठीक' म्हणू नका. वर्षाच्या आत बाळ 'डावरं' होत नसतं, त्याचा उजवा हात काम करत नसतो. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते तेव्हा हे आवर्जून सांगा. ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं, हाडं लांब होतात आणि आखडलेले स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. म्हणून चौथ्या वर्षी बरं चालणारं मूल दहाव्या वर्षी वाकून चालतं. दोष वाढला असं नाही, अंगरखा लहान पडला.

या मुलांसाठी एक औषध आपल्या आयांकडे फुकट आहे: कडेवर घेणं. एक पाय पुढे, एक मागे, मधे आईची कंबर. कात्रीसारखे पडणारे पाय आपोआप उघडे राहतात आणि मुलाला जगही दिसतं. पाळण्यात उताणं ठेवलेलं बाळ मात्र जास्त ताठतं. ही मुलं दिवसाचा बराच वेळ कडेवर असावीत. मूल मोठं झालं की कंबर दुखते, तेव्हा बाबा आणि आजोबांच्याही कडेवर.

पूर्व विदर्भात आणखी एक कारण लक्षात ठेवावं लागतं, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. या आजारात लहान मुलालाही कधीकधी लकवा होतो. सिकलसेलचं कार्ड घरात असेल आणि मुलाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात गळाला, तर 'वारं लागलं' म्हणून वेळ घालवू नये.

एक गोष्ट अनेक वर्षांच्या कामानंतरच माझ्या अंगवळणी पडली. ताठरपणा अचानक वाढला की मी स्नायूकडे न बघता आधी बाकी शरीराकडे बघते. झाडावरून पडून कमरेखालची जाणीव गेलेला एक तरुण आला. पाय आठवडाभरात इतके अकडले होते की खाटेवरून फेकला जायचा. घरच्यांनी गोळी वाढवून मागितली. मी मोजे काढले. अंगठ्याचं नख मांसात शिरून पू झाला होता. त्याला ते दुखत नव्हतं, कारण दुखणं वर पोचतच नव्हतं, पण मज्जारज्जूला ते कळत होतं आणि तो पाय आवळून बोंबलत होता. लघवीतला जंतुसंसर्ग, चार दिवसांची बद्धकोष्ठता, पडून राहून माकडहाडावर चिघळलेली जखम, घट्ट नाडी, पूसमाघातली थंडी, या सगळ्यांनी ताठरपणा वाढतो. थंडीत शेकायचं असेल तर शेकोटीजवळ तो पाय नेऊ नका. ज्याला चटका कळत नाही त्याचा पाय भाजून निघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

गोळ्यांबद्दल. बॅक्लोफेन ही यातली जुनी आणि बऱ्याच ठिकाणी मिळणारी गोळी. ती मज्जारज्जूच्या तापटपणावर पाणी घालते. टिझॅनिडिन दुसरी. तिने तोंड कोरडं पडतं, बीपी खाली येतो, लिव्हरची तपासणी मधूनमधून लागते. दोन्हींनी झोप येते, म्हणून 'डॉक्टरने झोपेची गोळी देल्ली' अशी तक्रार हमखास येते. सुरुवात कमी डोसने करून हळूहळू वाढवतात. एकदोन ठरावीक स्नायूंचाच त्रास असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन उपयोगी पडतं. हो, तेच, नट्यांच्या सुरकुत्यांचं. गंमत अशी की ते ज्या जंतूपासून मिळतं तो धनुर्वाताच्या जंतूचा सख्खा भाऊबंद आहे. एकाचं विष आवळतं, दुसऱ्याचं सैल करतं. त्याचा परिणाम तीनेक महिने टिकतो आणि ते महाग आहे. त्या तीन महिन्यांत ताणण्याचा व्यायाम केला नाही तर पैसे वाया.

पण गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी आणि घरच्यांनी एक प्रश्न विचारायला हवा, तो क्वचितच विचारला जातो: हा ताठरपणा या माणसाच्या कामी येतोय का? एक आजोबा त्यांच्या ताठ पायावर उभे राहायचे. ताकद त्या पायात जवळजवळ नव्हतीच, ताठरपणाच त्यांची काठी होता. त्या खांबावर ते संडासपर्यंत जाऊन यायचे, कुणाला हाक न मारता. कुणीतरी गोळीचा डोस दुप्पट केला. पाय सैल झाला, 'नॉर्मल' झाला म्हणा, आणि आजोबा खाली बसले. कागदावरचा आकडा सुधारला होता. ताठरपणा मोजायची एक पट्टी असते, अ‍ॅशवर्थ यांनी 1964 मध्ये केलेली, शून्य ते चार. आजोबा तीनवरून एकवर आले होते आणि संडासला जाणं गेलं. डोस परत कमी केला, तीन आठवड्यांत ते परत उभे राहू लागले. आता कुणाचाही ताठरपणा मोजण्याआधी मी विचारते, दिवसभरात काय काय करता? तुमच्या दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारला नाही तर तुम्हीच सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे, आणि लकव्याने हात-पाय गेलेल्यालाही दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट असते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. तपासणीच्या दिवशी मुलाला ताणून, मालिश करून, छान सैल करून नेऊ नका. रोज असतं तसंच न्या.

आणि बॅक्लोफेन चालू असलेल्या घरांसाठी एक. ही गोळी एकदम बंद करायची नसते. अचानक बंद झाली तर ताठरपणा दुपटीने उसळतो, ताप चढतो, भास होतात, झटकेही येतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तालुक्याचा रस्ता दोन-दोन दिवस बंद असतो आणि गावातल्या मेडिकलमध्ये ही गोळी असेलच असं नाही. म्हणून पाकिटात आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट आणायचं. बाबांच्या सुनेने आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनाने गोल केला आहे, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खाली.